जुन्या एफ-१५० चा गळका हीटर: बदली कोअर कसा आहे, कधी घ्यावा, कसा बसवावा

आधी निकाल. १९८७ ते १९९६ च्या फोर्ड एफ-१५० पिकअप ट्रकसाठी पार्ट्सच्या दुकानांत मिळणारा अ‍ॅल्युमिनियमचा बदली हीटर कोअर, म्हणजे केबिनची हवा तापवणारा भाग, घेण्यासारखा आहे. किंमत साधारण तीस ते साठ डॉलर, काम एका दुपारचं, आणि लागणारी अवजारं बहुतेकांच्या घरात असतातच. कोअरबद्दल तक्रार फारशी नाही. खोक्यात जे मिळत नाही त्याबद्दल, म्हणजे कोअरभोवतीच्या फोमबद्दल आहे, कारण हवा गरम येणार की कोमट हे त्यावरूनच ठरतं. शिवाय कोअर गळतो आहे याची खात्री न करता तो विकत आणणारेही बरेच असतात. म्हणून सुरुवात तिथून.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हा भाग फारसा ओळखीचा नसतो. तिकडे हीटरची कॉइल गळायला लागली की गॅरेजवाला दोन्ही होज (रबरी नळ्या) काढून एकमेकांना जोडून देतो आणि गाडी वर्षानुवर्षं तशीच चालते. पुण्यात किंवा नागपुरात कोणाचं काही अडत नाही. मिशिगन, मिनेसोटा किंवा ओंटारिओमध्ये मात्र अडतं. तिथे समोरच्या काचेवरचं दव आणि बर्फ घालवणारी गरम हवा याच कोअरमधून येते. अमेरिकेत काच स्वच्छ ठेवण्याची ही सोय संघीय सुरक्षा मानक क्रमांक १०३ मध्येच घातलेली आहे. तेव्हा होज जोडून देणं हा फार तर उन्हाळ्यापुरता किंवा घरी पोहोचण्यापुरता उपाय. जानेवारीत पहाटे सहाला आतून गोठलेल्या काचेमागे बसून ट्रक चालवणं जिवावरचं आहे.

कोअर म्हणजे वहीएवढा छोटा रेडिएटर. इंजिनातलं गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) एका नळीने आत येतं, पातळ वाहिन्यांतून फिरतं आणि दुसऱ्या नळीने वॉटर पंपाकडे परत जातं. ब्लोअरची हवा त्याच्या पापुद्र्यांमधून जाते आणि तापून केबिनमध्ये येते. या ट्रकमध्ये तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) आतल्या बाजूला प्लास्टिकच्या डब्यात उभा असतो. म्हणून गळती झाली की ती शेजारी बसणाऱ्याच्या पायाशी दिसते, गाडीखाली नाही.

लक्षणं चार आणि ती सहसा जोडीने येतात. केबिनमध्ये गोडसर वास. डीफ्रॉस्ट लावल्यावर काचेच्या आतून चढणारा तेलकट धूसर थर, जो कोरड्या फडक्याने पुसला की पसरतो. उजवीकडच्या सतरंजीखाली ओल. आणि गाडीखाली डाग नसताना आठवड्या-पंधरवड्याने उतरणारी कूलंटची पातळी. यातलं एकटं लक्षण, विशेषतः एकटी ओल, कोअरचा पुरावा म्हणून धरू नका. या पिढीच्या ट्रकमध्ये काचेखालच्या पट्टीचे जोड गंजून पावसाचं पाणी नेमकं त्याच कोपऱ्यात उतरतं. काचेच्या रबराखालूनही येतं.

ओल कशाची हे ओळखायला पांढरा टिश्यू पुरे. पावसाचं पाणी टिश्यूवर वाळून जातं. कूलंट वाळत नाही, दोन बोटांत चोळलं तर बुळबुळतं आणि टिश्यूवर हिरवट डाग ठेवतं. कूलंटमधल्या हिरव्या अँटीफ्रीझचा (गोठू न देणाऱ्या द्रवाचा) रंग अतिनील टॉर्चखाली झगझगीत पोपटी दिसतो, त्यामुळे स्वस्तातला टॉर्च इथे चांगला उपयोगी पडतो. जिभेवर घेऊन पाहण्याची जुनी सवय मात्र सोडा. अँटीफ्रीझमधलं एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि गोड लागतं म्हणूनच मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना धोक्याचं आहे.

त्यानंतर इंजिनाच्या बाजूला जाऊन फायरवॉलजवळचे दोन्ही होज पाहा. क्लॅम्पखाली कोरडा टिश्यू फिरवा. तिथे ओल आली तर गळती होजची आहे, कोअरची नाही, आणि सगळं काम काही डॉलरांत संपतं. नळी फायरवॉलमधून आत जाते त्या भोकाचा फोम कुजलेला असेल तर बाहेरचं कूलंट नळीच्या कडेकडेने आत झिरपून कोअर फुटल्याचा आभास निर्माण करतं. ही फसगत नेहमीची आहे. त्यामुळे ग्लव्ह बॉक्सला हात लावण्याआधी हे दहा मिनिटांचं काम करायचंच.

खरी परीक्षा प्रेशर टेस्टरची, म्हणजे रेडिएटरच्या तोंडाला लावायच्या काट्याच्या हातपंपाची. ऑटोझोन, ओ'रायली यांसारख्या दुकानांत अनामत ठेवून तो वापरायला मिळतो आणि परत दिल्यावर पैसे परत मिळतात. वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूसाठी हा व्यवहार उत्तम आहे, विकत घ्यायची गरज नाही. फक्त पेटी दुकानातच उघडून पाहा. आपल्या रेडिएटरच्या तोंडाला बसणारा अ‍ॅडाप्टर आत आहे ना, त्याचं रबर तडकलेलं नाही ना, हातपंपाचा काटा शून्यावर येतो ना. अनेक हातांतून गेलेल्या पेटीत नेमकं हेच बिघडलेलं असतं, आणि टेस्टर स्वतःच हवा सोडत असेल तर धडधाकट ट्रकही गळका ठरतो.

इंजिन पूर्ण थंड असताना कॅप काढा. तापलेल्या रेडिएटरची कॅप कोणत्याही कारणाने उघडायची नाही, उसळलेल्या कूलंटने चेहरा भाजतो. पातळी तोंडापर्यंत भरा, अ‍ॅडाप्टरचं रबर ओलं करून बसवा आणि कॅपवर छापलेल्या आकड्याइतका दाब पंपाने चढवा. या ट्रकांवर बहुधा १३ किंवा १६ पीएसआयची (पीएसआय हे दाबाचं एकक) कॅप असते. आकड्याच्या वर जाऊ नका, तीस वर्षांच्या कोअरला तेवढंच निमित्त पुरतं. आता पंधरा-वीस मिनिटं थांबा. काटा हलला नाही तर थंड अवस्थेत गळती नाही. काटा उतरला तर ती कुठे हे शोधायचं.

शोधण्याची पद्धत सरळ आहे. हीटरचे दोन्ही होज गोल जबड्याच्या होज चिमट्याने दाबून बंद करा आणि पुन्हा तेवढाच दाब चढवा. आता काटा थांबला तर दोष कोअरमध्ये आहे. तरीही उतरत राहिला तर वॉटर पंप, रेडिएटर, होज किंवा हेड गॅस्केटकडे वळा. चिमटा नसेल तर साधी पक्कड वापरू नका, तिचे दात जुन्या होजच्या आतला धागा तोडतात. होज कडक झाला असेल तर तो दाबण्याऐवजी बदलूनच टाका. त्याच टेस्टरने कॅपही तपासून घ्या. तिची स्प्रिंग अडकली असेल तर दाब नेमलेल्या मर्यादेच्या वर जातो आणि नवा कोअरही त्याच वाटेने जातो. कॅप स्वस्त आहे, शंका असेल तर नवीन घ्या.

एक प्रकार चकवणारा आहे. काही गळत्या फक्त थंडीत होतात, कारण रबर आकसतं आणि क्लॅम्प सैल पडतो. काही फक्त गरम असताना होतात, कारण धातू फुगून भेग उघडते. थंड चाचणीत काटा हलला नाही पण काचेवर थर येतोच आहे, असं असेल तर टेस्टर काढून ठेवा, कॅप बसवा, ट्रक वीस मिनिटं हीटर लावून चालवा आणि लगेच ग्लव्ह बॉक्स उघडून डब्याच्या खालच्या जोडाला टिश्यू लावा.

हीटर गरमच होत नाही ही वेगळी तक्रार आहे, ती गळतीत मिसळू नका. इंजिन तापल्यावर दोन्ही होजना हात लावा. दोन्ही गरम असतील तर कूलंट फिरतं आहे आणि दोष हवेची दिशा बदलणाऱ्या झडपेत किंवा कोअरभोवतीच्या फोममध्ये आहे. एक गरम आणि एक कोमट असेल तर कोअर चोंदला आहे. दोन्ही कोमट असतील तर कूलंट कमी आहे, हवा अडकली आहे किंवा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप) उघडा राहिला आहे. चोंदलेला कोअर बागेच्या पाइपने उलट्या दिशेने धुता येतो, पण नळ अगदी थोडा उघडून. शहरी नळाचा दाब कॅपच्या दाबाच्या कितीतरी पट असतो, पूर्ण उघडला की चोंदलेला कोअर फुटका होतो.

गळती बंद करणारी बाटली. पूड, गोळ्या, चकाकणारा द्रव असे बरेच प्रकार मिळतात. यात तथ्य अजिबात नाही असं म्हणणं खोटं ठरेल. जनरल मोटर्सने आपल्या काही इंजिनांत कारखान्यातच अशा गोळ्या घातल्या होत्या. अगदी बारीक पाझर असेल तर बाटली काही आठवडे काम करतेही. पण ती कुठे साचायचं ते निवडत नाही. कूलंटच्या वाटेवर सर्वांत अरुंद वाहिन्या कोअरच्याच, त्यामुळे गळती थांबते आणि हीटरही थंड पडतो. तीनशे मैल दूर अडकला असाल तर टाका. घराच्या अंगणात उभ्या असलेल्या, दोन तासांत दुरुस्त होणाऱ्या ट्रकमध्ये टाकू नका.

आता कोअर. बाजारात मुख्यतः अ‍ॅल्युमिनियमचा मिळतो. काही वर्षांच्या मॉडेलसाठी तांब्या-पितळेचाही सापडतो आणि त्यासाठी जास्त पैसे मोजणारे चाहते आहेत. तांबं उष्णता अ‍ॅल्युमिनियमच्या दीडपटीहून जास्त चांगली वाहून नेतं हे खरं. पण तांब्याच्या कोअरमधले जोड डाखाचे असतात आणि जुनं, आम्ल झालेलं कूलंट आधी तो डाखच खातं. भट्टीत एकसंध जोडलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कोअरमध्ये तो कच्चा दुवा नसतो आणि तो हलकाही असतो. केबिनमध्ये जाणवणारा फरक धातूपेक्षा फोममुळे जास्त पडतो. तेव्हा पितळेच्या मागे धावू नये असं आमचं ठाम मत आहे. गावात रेडिएटर डाखणारा चांगला कारागीर असेल तर गोष्ट वेगळी, कारण पितळेचा कोअर तो पुन्हा दुरुस्त करू शकतो. अ‍ॅल्युमिनियमचा फुटला की फेकायचा.

घेताना आपल्या ट्रकचं वर्ष, इंजिन आणि एसी आहे की नाही हे तिन्ही सांगा. १९८७ च्या आधीच्या ट्रकांत एसी असलेल्या आणि नसलेल्यांचे कोअर वेगळे असतात. खोकं उघडल्यावर उंची, रुंदी, जाडी, दोन्ही नळ्यांचे व्यास, त्यांच्यातलं अंतर आणि बाक जुन्याशी ताडून पाहा. दोन्ही नळ्या सारख्या नसतात. बहुधा एक ५/८ इंची आणि दुसरी ३/४ इंची असते. टोकाला होज निसटू नये म्हणून उठावाची कडा असायला हवी. ती नीट वळवलेली नसेल किंवा नळीच्या बुडाशी जोड वेडावाकडा दिसत असेल तर तो कोअर परत करा. पापुद्रे थोडे वाकलेले असतील तर चालतात, चपट्या कंगव्याने सरळ होतात. टाकीच्या कोपऱ्यावर मार बसलेला चालत नाही.

बसवण्याआधी नवा कोअर तपासा. एका नळीला होजचा तुकडा लावून बोल्टने बंद करा, दुसरीतून १० ते १५ पीएसआय हवा द्या आणि बादलीभर पाण्यात पाच मिनिटं बुडवून ठेवा. सायकलचा पंपही चालतो. बुडबुड्यांची साखळी उठली तर तो परत. हे केलं नाही तर तीच परीक्षा डॅशबोर्डच्या आत होते आणि सतरंजी पुन्हा भिजते.

खोक्यात कमी पडतं ते फोमचं. मूळ कोअरच्या कडेला चहूबाजूंनी फोमची पट्टी असते. ब्लोअरची हवा कोअरला वळसा घालून बाजूने निघून जाऊ नये, पापुद्र्यांतूनच जावी, म्हणून. अनेक बदली कोअरना फोम अपुरा असतो किंवा नसतोच. तसाच बसवला तर गळती थांबते पण हवा कोमट येते आणि दोष बिचाऱ्या थर्मोस्टॅटवर जातो. खिडकी-दरवाजांसाठी मिळणारी, मागे चिकट असलेली, बंद छिद्रांची फोम पट्टी घ्या. जाडी अर्धा इंच, लांबी कोअरच्या भोवती एक फेरा होईल इतकी. स्पंजासारखा उघड्या छिद्रांचा फोम नको, तो ओल धरून ठेवतो. फायरवॉलच्या भोकाशीही दोन गोल तुकडे कापून लावा.

काढण्याची कृती या ट्रकात खरोखर सोपी आहे. बॅटरीचं ऋण टोक काढा. रेडिएटरच्या खालच्या तोटीतून कूलंट स्वच्छ भांड्यात उतरवा. पातळी हीटरच्या होजच्या खाली आली की पुरे. कोणता होज कुठला ते चिकटपट्टीने खुणावून ठेवा. क्लॅम्प सोडा आणि होज पिळून ओढू नका. जुना होज नळीला चिकटलेला असतो आणि पिळलं की नळीच वाकते किंवा बुडातून तडकते. धारदार चाकूने होजला लांबीच्या दिशेने चीर द्या आणि सालासारखा सोलून काढा. तसेही होज नवीनच लावायचे आहेत.

मग सतरंजी वाचवणारी पायरी, जी बरेच जण विसरतात. एका नळीतून हळूच हवा फुंका आणि दुसरीतून उरलेलं कूलंट बादलीत काढून घ्या. हलका दाब पुरे. त्यानंतर दोन्ही नळ्यांना बुचं लावा. आत जाऊन जमिनीवर कचऱ्याची मोठी पिशवी आणि वर जुने टॉवेल पसरा.

ग्लव्ह बॉक्स रिकामा करून त्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की अडसर सुटतो आणि तो खाली लोंबतो. मागे काळं प्लास्टिकचं झाकण दिसेल. त्यावरून जाणारी व्हॅक्यूमची बारीक नळी क्लिपेतून हळुवार सोडवा. तीस वर्षांचं प्लास्टिक ठिसूळ असतं, तुटली तर हवा फक्त काचेकडेच जाते. झाकणाला सात-आठ स्क्रू असतात. ८ मिलिमीटरचा सॉकेट आणि सहा इंची एक्स्टेन्शन घ्या. वरचा एखादा स्क्रू दिसत नाही, बोटांनी चाचपूनच शोधावा लागतो. झाकण हलत नसेल तर स्क्रू राहिला आहे असंच समजा, तिथे जोर लावू नका. ते सुटलं की कोअर सरळ आपल्याकडे ओढला जातो. एसीच्या गॅसला हात लावावा लागत नाही, कारण त्याची कॉइल इंजिनाच्या बाजूच्या डब्यात असते.

ही सोय किती मोठी आहे ते इतर ट्रकांशी ताडल्यावर कळतं. १९९७ नंतरच्या एफ-१५० मध्ये याच कामासाठी डॅशबोर्ड सोडवावा लागतो. १९९४ ते २००१ च्या डॉज रॅममध्ये डॅशबोर्ड तर निघतोच, शिवाय एसीचा गॅस काढून सगळा डबा बाहेर घ्यावा लागतो. १९९६ नंतरच्या व्होर्टेक इंजिनाच्या शेव्ही (शेव्हरोले) ट्रकमध्ये गळती पुष्कळदा कोअरची नसतेच. इनटेक मॅनिफोल्डवरचा हीटर होजचा कनेक्टर कुजून तुटतो आणि त्याचा आटा आतच अडकतो. जुन्या एफ-१५० च्या मालकाने या बाबतीत स्वतःला नशीबवान मानायला हरकत नाही.

डबा रिकामा असताना व्हॅक्यूम क्लीनरने पानं, फोमचा भुगा, उंदरांचं घरटं सगळं काढा. ओल्या फडक्याने ग्लायकॉलचा चिकटा पुसा. तो राहिला तर नव्या कोअरनंतरही आठवडाभर वास येत राहतो आणि पुन्हा गळतंय असं वाटून जीव वर-खाली होतो. गरम-थंड हवेची झडप हाताने हलवून पाहा. तिच्या कडेचा फोम गेला असेल तर आत्ताच लावा, ही जागा पुन्हा उघडी मिळणार नाही.

नवा कोअर सरकवताना नळ्या फायरवॉलच्या भोकांत जोराने घुसवू नका. दुसऱ्या माणसाने बाहेरून पाहत सांगितलं तर सोपं जातं. होजच्या तोंडाला आतून थोडं कूलंट लावा, ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको, त्याने रबर फुगतं. क्लॅम्पबद्दल मत स्पष्ट आहे. मूळचे स्प्रिंगचे स्थिर ताणाचे क्लॅम्प पेचाच्या क्लॅम्पपेक्षा चांगले, कारण थंडी-गरमीत रबर आकसलं-फुगलं तरी त्यांची पकड तशीच राहते. पेचाचे वापरायचे तर होज दबेल इतकेच आवळा. पट्टीच्या खाचांतून रबर वर आलं म्हणजे फार झालं. अ‍ॅल्युमिनियमची पातळ नळी अशाने आत चेपते आणि गळती तिथूनच पुन्हा सुरू होते.

जुन्या होजमध्ये कोअरच्या आधी एखादी अरुंद भोकाची धातूची किंवा प्लास्टिकची नळी सापडली तर ती फेकू नका. ती मुद्दाम बसवलेली असते. इंजिनाचे फेरे वाढले की वॉटर पंप कूलंट जोराने ढकलतो, तेव्हा कोअरमधून जाणारा प्रवाह ती आवरते. ती गेली की वेगवान कूलंट कोअरला आतून घासून खातं. नव्या होजमध्ये ती त्याच जागी, त्याच दिशेने बसवा.

ग्लव्ह बॉक्स लावण्याआधी टेस्टर पुन्हा जोडा. पातळी भरा, कॅपच्या आकड्याइतका दाब द्या, वीस मिनिटं थांबा आणि कोअरच्या खाली कोरडा टिश्यू ठेवा. टिश्यू कोरडा आणि काटा स्थिर असेल तरच झाकण.

भरायला अर्धं हिरवं अँटीफ्रीझ आणि अर्धं डिस्टिल्ड पाणी. हे मिश्रण सुमारे उणे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. नळाचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार कोअरच्या वाहिन्यांतच साचतात. नारिंगी आणि हिरवं एकमेकांत मिसळू नका. ट्रक चढावर असा उभा करा की नाक वर राहील, कॅप उघडी, हीटर पूर्ण गरमवर, आणि इंजिन सुस्त चालू. थर्मोस्टॅट उघडला की वरचा होज एकदम गरम होतो आणि पातळी खाली जाते. तेव्हा भरत राहा. बुडबुडे थांबले की कॅप लावा.

नवा कोअर वर्षभरात फुटला तर सहसा दोष मालाला दिला जातो. पुष्कळदा खरं कारण विजेचं असतं. इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी गंजली की स्टार्टरचा, ब्लोअरचा परतीचा प्रवाह कूलंटमधून वाट काढतो आणि अ‍ॅल्युमिनियमला आतून भोकं पाडतो. तपासायला साधा मल्टिमीटर लागतो. काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला, लाल तार रेडिएटरच्या तोंडातून कूलंटमध्ये, धातूला न टेकवता. डीसी व्होल्ट वाचा, आधी सगळं बंद ठेवून, मग ब्लोअर आणि दिवे लावून, मग कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगून. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर छान. ०.४ च्या वर गेलं तर कूलंट बदला. एखादं उपकरण लावल्यावरच आकडा उडी मारत असेल तर त्या उपकरणाची अर्थिंग शोधा, जोड खरवडून नवी पट्टी लावा. हिरवं कूलंट दोन वर्षांनी किंवा ३०,००० मैलांनी बदललं नाही तर त्यातले गंजरोधक संपतात आणि तेच कूलंट बॅटरीतल्या द्रावणासारखं वागायला लागतं.

सतरंजीचं काम टाळू नका. ग्लायकॉल हवेतली ओल शोषून घेतो, आपोआप वाळत नाही. सीटच्या पट्टीचे आणि दाराच्या कडेचे स्क्रू काढून सतरंजी उचला, खालची तागाची गादी गरम पाणी आणि डिटर्जंटने दोन-तीनदा धुवा, बाहेर पूर्ण वाळवा. गादी कुजली असेल तर नवी घ्या. खालचा पत्रा उघडा असतानाच गंज पाहून घ्या. काचेच्या आतला थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो, फडकं दर हाताला बदलत राहा.

हमीबद्दल. अनेक खोक्यांवर आयुष्यभराची हमी लिहिलेली असते, पण ती भागाची असते. गेलेली दुपार, कूलंट, भिजलेली गादी यांची नाही. पावतीचा फोटो काढून ठेवा, कागदावरची शाई वर्षभरात उडते. उतरवलेलं कूलंट गटारात किंवा गवतावर ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, त्यावर नाव लिहा आणि गावाच्या घातक कचरा केंद्रात द्या. जुना कोअर लगेच टाकू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना पातळी पाहा, आठवड्याने पुन्हा पाहा, फायरवॉलच्या क्लॅम्पखाली टिश्यू फिरवा. तोवर तो गॅरेजच्या कोपऱ्यात राहू दे, नव्याची नळी किंवा माप चुकलं तर दुकानात ताडून दाखवायला तोच लागतो.